गाय गाभडली म्हणून आप्पांचा ताप सापडला

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमचं गाव दक्षिण सोलापुरात, मंद्रूपच्या पुढं, गोठ्यात सहा गायी दोन म्हशी. त्यातली एक एचएफ (होल्स्टिन जातीची गाय) मी वर्षभरापूर्वी बाजारातून ७२ हजाराला आणलेली, दुसऱ्या वेताची, कास बघून भुललो आणि बाकी काही विचारलंच नाही. ती सातव्या महिन्यात गाभडली. पहाटे जाऊन बघतो तर वासरू मेलेलं पडलंय आणि वार, म्हणजे वासराबरोबर पडणारा जार, अर्धी लटकतीय. मग काय, बाह्या वर केल्या, हाताला खोबरेल लावलं आणि दोन तास वार ओढत बसलो, तुटून तुटून आली, वासरू नेऊन ओढ्याला टाकलं, पुढचं कुत्र्यांनी बघितलं. ह्यातली एकेक गोष्ट चूक होती हे मला दुपारी कळलं.

जनावरांचे डॉक्टर आले, गाय बघितली, आणि हात धुता धुता मला विचारलं, "घरात कुणाला ताप येतोय का हो? संध्याकाळी चढणारा, घाम फुटून उतरणारा?"

मी गप्पच झालो. आप्पांना दोन महिने अगदी तसाच ताप होता. एकानं टायफॉईड म्हणून औषध दिलं, दुसऱ्यानं मलेरिया म्हणून, सलाईनी झाल्या, कंबर आणि गुडघे धरले होते ते आम्ही वयावर ढकललेलं. आणि आप्पांची चाळीस वर्षांची सवय म्हणजे सकाळी कासेखाली तांब्या धरायचा आणि धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायचं. त्याच गायीचं!

डॉक्टर म्हणाले ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांतून माणसात येणारा रोग, असू शकतो, पण तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही. हा जंतू जनावराच्या गर्भाशयातच एवढा का माततो ते त्यांनी फार चांगलं सांगितलं. गाभण गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, जंतूला ती फार आवडते, म्हणून तो तिथं जमतो, वार सुजते, सडते आणि गाभ साधारण पाचव्या महिन्यानंतर पडतो. म्हणजे मी उघड्या हातानं दोन तास जे ओढत होतो त्यात जंतू सगळ्यात जास्त. अंगावर काटाच आला.

आठही जनावरांचं रक्त घ्यायचं ठरलं. मानेची शीर दाबून सुई, प्रत्येक नळीवर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर. मला वाटलं रक्त बर्फात घालून पाठवायचं, तर तसं नाही, नळ्या तिरक्या ठेवून रक्त साकळू द्यायचं, वर पिवळसर पाणी सुटतं ते सीरम, तेवढंच काढून थंड ठेवायचं. रक्तच बर्फात गोठवलं तर पेशी फुटून सीरम लाल होतं आणि सॅम्पल वाया. पाठवायला माणूस कधी जाईल सांगता येत नव्हतं, मी म्हणालो पत्र द्या, मीच नेतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली, मांडीवर थर्माकोलचा डबा, शेजारचे काका विचारतात मासे आहेत का. पुणे स्टेशनवरून सिटी बसनं औंध, तिथं पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे.

मजा बघा, रोझ बेंगॉल नावाची ही तपासणी म्हणजे पांढऱ्या प्लेटवर सीरमचा एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा एक थेंब, मिसळून हलवायचं, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. चार मिनिटं! आणि कागद माझ्या हातात पडायला अकरा दिवस, कारण पॉझिटिव्ह आलेलं परत एलायझा नावाच्या दुसऱ्या चाचणीवर तपासलं, मग सही, मग शिक्का. दोन पॉझिटिव्ह निघाल्या. विकत आणलेली, आणि तिच्याशेजारी बांधलेली आमची घरची.

ह्या अकरा दिवसांत आप्पांना सोलापुरात फिजिशियनकडं नेलं. मी आधीच सांगितलं की घरात गाय गाभडलीय आणि हे कच्चं दूध पितात. डॉक्टरांनी लगेच ब्रुसेलाची रक्ततपासणी लिहिली. टायटर १:३२० आला, म्हणजे ब्रुसेलाच. आधीच्या दोघांना मी हे सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं, जाऊ दे. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते हे कुणीच सांगितलं नव्हतं, आप्पा पहाटे मला उठवून म्हणतात, "रक्त जातंय रे माझं." वर गावात बोभाटा की आप्पाला टीबी झाला, कारण गोळी टीबीची. माझंही रक्त तपासलं, निगेटिव्ह आलं, दोन महिन्यांनी परत केलं, तरी निगेटिव्ह. नशीब.

आता गायींचं काय? औषध देऊन जंतू पुरता जातो याची खात्री नाही, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी औषध लिहिलंच नाही. बाहेरच्या काही देशांत पॉझिटिव्ह जनावर मारून सरकार भरपाई देतं, आपल्याकडं २०१५ पासून गोवंश हत्याबंदी, तो प्रश्नच मिटला. दोघी वेगळ्या, चिंचेखाली बांधल्यात, वैरण पाणी वेगळं, धार शेवटी, दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. विताना जो जार पडेल तो हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरायचा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच लस असते, माझ्या दोन कालवडींना सरकारी मोहिमेत फुकट टोचून घेतली. गोऱ्ह्याला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत.

आप्पांचा ताप गेला, धारोष्ण सुटलं, म्हणजे मी गोठ्यात असेपर्यंत तरी सुटलं.

मेव्हणे म्हणतात वीक आणि मोकळा हो. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दोनदा येऊन गेला, चिंचेखालची विकत आणलेली गाय बघून ५५ हजार म्हणाला. मी रिपोर्ट दाखवला. त्यानं उलटासुलटा करून बघितला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही आणली तेव्हा कागद बघितला होता का?"

ती अजून चिंचेखालीच आहे.