हीरो नालायक असला म्हणून काय झालं?

"हीरोच डोक्यात जातो, मग अख्खा पिक्चर का बघायचा?" ही तक्रार नेहमीची, आणि कधीकधी मलाही पटते, कारण दोन अडीच तास कुणा स्वार्थी माणसाच्या मागे मागे फिरायचं आणि शेवटी हाताला काहीच लागत नाही असं होतंच की. पण माणूस आवडला नाही म्हणजे पिक्चरला काही म्हणायचंच नाहीये, हे काही मला मान्य नाही.

२०१४ चा 'नाइटक्रॉलर' घ्या ना. लू ब्लूम रात्रभर अपघात आणि खुनांच्या जागी कॅमेरा घेऊन पोचतो, फुटेज न्यूज चॅनलला विकतो, एकदा तर फ्रेम चांगली यावी म्हणून अपघातात पडलेल्या माणसाला सरळ ओढून हलवतो, आणि पुढे स्वतःचा असिस्टंट मरत असताना त्याचंही शूटिंग करतो! बरं, याचं बालपण किती दुःखी होतं वगैरे काही दाखवत नाहीत (थँक गॉड, त्या फ्लॅशबॅकचा मला मनापासून कंटाळा आहे). आणि शेवटी शिक्षा नाहीच, उलट धंदा वाढतो, नव्या गाड्या, कामाला नवी पोरं. तो पकडला गेला असता तर आपण "बरी जिरली" म्हणून निवांत झोपलो असतो. आता तसं होत नाही, कारण चॅनल ते फुटेज घेतं ते लोक बघतात म्हणून, आणि एवढा वेळ डोळे फाडून बघत तर आपणही होतो.

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड (पिक्चरमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली) कडकपणे लागू झाला तेव्हा सहानुभूती गुन्हेगाराकडे जाता कामा नये असा नियमच होता. म्हणून मग शेवटी तो मरायचा नाहीतर तुरुंगात जायचा. हिशोब मिटला, पण विचार करायचं काम कुणाला उरलं?

माझी अडचण वेगळ्या पिक्चरांशी आहे, जिथे दिग्दर्शकच हीरोवर फिदा असतो. त्याने मारलं की स्लो मोशन, वर दणदणीत म्युझिक, आणि मार खाणाऱ्याचा चेहरासुद्धा धड दिसत नाही. याउलट 'रेजिंग बुल' बघा, १९८० चा. त्यातला बॉक्सर जेक संशयाने पेटून भावाच्या घरात घुसतो आणि तो जेवत असताना बायकोपोरांसमोर त्याला बदडतो. पुढे रिंगमध्ये तो जिंकतोही, पण मला काही टाळी वाजवावीशी वाटत नाही.