तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरच्या या बाई कोण?

नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, माझ्या वकिलीच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर एका बाईंचा फोटो दिसतो. सुरगाणा-पेठहून आलेले पक्षकार बसता बसता विचारतात, "ताई, ह्या तुमच्या आजी का?" ज्युनिअर मुली विचारतात, "मॅडम, या इथे प्रॅक्टिस करायच्या का?" दोन्ही नाही. या गोदावरी परुळेकर. नाव ऐकल्यावर आमचे नाशिककर म्हणतात, "म्हणजे आपली गंगाच की!" (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) त्यापुढे सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज लिहून टाकते.

जन्म १९०७ चा, पुण्यातल्या सुखवस्तू गोखले घराण्यातला. कायद्याची पदवी घेणारी महाराष्ट्रातली पहिली बाई. तेवढ्यावर जन्मभर मानाने राहता आलं असतं. पण स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या, वडिलांची नाराजी पत्करली आणि मुंबई गाठली. भारत सेवक समाजाने आजीव सदस्य करून घेतलेली पहिली स्त्री त्याच. घरकाम करणाऱ्यांची संघटना त्यांनी १९३० च्या दशकातच बांधली होती. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकरांशी लग्न केलं आणि कम्युनिस्ट पक्षात गेल्या. हे भराभर सांगतेय, कारण मला १९४५ ला पोचायचंय.

त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेची, परिषद भरली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातले काही वारली आदिवासीही आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा उभा राहिला आणि आपल्या लोकांचे हाल त्याने स्वतः सांगितले. सावकाराकडून लग्नापुरते पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या दारात राबायची, फेड कधी होतच नसे. याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ तर रोजचीच.

गोदावरीबाई त्या पाड्यांवर गेल्या. लोकांच्या झोपड्यांत राहिल्या, मैलोन्‌मैल चालल्या. मी वकील आहे म्हणून मला याचं फार वाटतं. अर्ज लिहून देणं आम्हाला सोपं जातं. ज्याने सावकारापुढे कधी मान वर केली नाही, त्याच्या तोंडून 'नाही' येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहणं फार अवघड. मे महिन्यात झरी गावच्या सभेला हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ बंद. लग्नगडीही सुटले. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी काय, तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये.

१० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. बाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवून लोकांना तिथे जमवलं गेलं होतं. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारले गेले. त्यानंतर परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. तरी माणसं फुटली नाहीत.

पुढेही तुरुंगवाऱ्या सुरूच राहिल्या. १९६५ मध्ये श्यामराव आर्थर रोड तुरुंगातच वारले. वारल्यांच्या लढ्याची हकीकत बाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

हा फोटो मी लावला मार्च २०१८ नंतर. ६ तारखेला इथूनच, सीबीएस चौकातून, किसान सभेचा लाँग मार्च निघाला. खाली रस्ताभर लाल टोप्या. बायकांच्या डोक्यावर बोचकी, कित्येकींच्या पायात चपला नाहीत. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून ही माणसं रात्री चालत आझाद मैदानावर गेली. ते वाचून मी रडले होते.

माझ्याकडे वनहक्काचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन नावावर मागणारे, दावे बरेच येतात. कागद नेहमी कॅरीबॅगमध्ये, घडीवर विरलेले, वर वनखात्याची जुनी दंडाची पावती. ज्या पावतीने आजोबांना गुन्हेगार ठरवलं, तीच आता नातवाचा पुरावा होते. मागच्या पावसाळ्यात सुरगाण्याकडची एक आजी मुलाबरोबर आली. भावकीतल्या पुतण्याचा दावा कारण न देता फेटाळलेला. त्याच्या जमिनीबद्दल काही विचारलं की ती मुलाकडे बघायची आणि तो उत्तर द्यायचा. मी मुलाला म्हटलं, "दादा, तुम्ही थांबा." गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा, जो स्वतः दावेदार नाही त्याचा, जबाब वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून चालतो. दावा पुतण्याचा होता, म्हणून जबाब हिचाच हवा होता.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि सुरू झाली. कुठल्या बांधावर कोणी आंबा लावला, नागली कुठे, वरई कुठे, कुठल्या साली गार्डाने नांगर उचलून नेला. पाऊण तास. मी लिहीत गेले, हात दुखायला लागला तरी थांबवलं नाही.

अंगठा उठवून झाल्यावर तिने फोटोकडे बोट केलं. "ही बाई आमच्याकडं आलेली का?"

"तिकडे तलासरीकडे राहायच्या."

"डोंगराच्या पल्याड," ती म्हणाली आणि कॅरीबॅगेला गाठ मारायला लागली.