पकाकडे नको, बाकाकडे बघा

डेट्रॉईटच्या आसपास येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या लोकांना आईस हॉकी सुरुवातीला दिसतच नाही. पक म्हणजे इंचभर जाडीची काळी रबरी चकती. ती कुठे गेली हे डोळ्यांना कळेपर्यंत गोल झालेला असतो आणि आजूबाजूचे लोक उभे राहून ओरडत असतात. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने माझी अवस्था ओळखली. म्हणाला, पक सोड, बाकाकडे बघ. तिथून मला हा खेळ कळायला लागला, आणि तिथूनच स्कॉटी बोमन या कोचचं वेड लागलं.

बर्फावर गोलकीपर धरून सहा जण असतात. सगळा जीव ओतून स्केटिंग करायचं, त्यामुळे जेमतेम पाऊण मिनिटात दम संपतो. मग खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून दुसरे आत येतात. आपल्याकडे कप्तान दर षटकाला क्षेत्ररचना हलवतो. इथला कोच सामनाभर माणसंच हलवत असतो. त्यात एक गंमत अशी की खेळ थांबला असेल तर आधी पाहुण्या संघाने माणसं उतरवायची आणि ती बघून यजमानांनी आपली. समोर कोण आहे ते पाहून उत्तर द्यायचं, या कलेत बोमनचा हात धरणारा कोणी झाला नाही, असं इथले लोक म्हणतात. मलाही ते पटलंय.

माणूस मूळचा कॅनडाचा, मॉन्ट्रियलजवळच्या व्हर्डनचा, जन्म १९३३. ज्युनियर हॉकी खेळताना १९५२ मध्ये डोक्यावर स्टिक बसली आणि पुढे जायचं स्वप्न तिथेच मोडलं. स्टिक मारणारा ज्याँ-गी टाल्बो पुढे सेंट लुईसमध्ये याच बोमनच्या हाताखाली खेळला! मनात काही ठेवलं असतं तर त्याला बाकावरच कुजवता आलं असतं.

१९६७ मध्ये एनएचएलचे, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचे, संघ सहाचे बारा झाले आणि नव्या सेंट लुईस ब्लूजची सूत्रं हंगाम सुरू असतानाच चौतिशीतल्या बोमनकडे आली. त्याने म्हातारे म्हणून बाजूला पडलेले गोलकीपर हाताशी धरले: ग्लेन हॉल आणि नंतर चाळिशीचा जॅक प्लांट. सलग तीन वर्षं संघ अंतिम फेरीत. तिन्ही वेळा ०-४. म्हणजे अंतिम फेरीतले बाराच्या बारा सामने हरलेला हा कोच. (सगळे नवे संघ एकाच गटात घातले होते, त्यामुळे त्यांच्यातला एक अंतिम फेरीत जाणारच होता, हेही खरं.)

पुढे मॉन्ट्रियलचा कोच म्हणून मिळवलेली पाच विजेतेपदं मी भरभर उरकतो, कारण तो संघच अफाट होता. १९७३ चा स्टॅन्ली कप (एनएचएलच्या विजेत्याला मिळतो तो), मग १९७६ ते १९७९ सलग चार. १९७६-७७ च्या हंगामात ८० पैकी फक्त ८ पराभव. मुलाचं नाव स्टॅन्ली ठेवलं तेही कपावरूनच. पुढे बफेलोत कोचिंग आणि व्यवस्थापन दोन्ही हातात आलं, पण कप काही आला नाही. शेवटी नोकरी गेली आणि हा टीव्हीवर बोलायला लागला. कारकीर्द संपली असंच कुणालाही वाटलं असतं. पिट्सबर्गमध्ये तो परतला तोही कोच म्हणून नव्हे. तिथले कोच बॉब जॉन्सन कर्करोगाने आजारी पडले आणि संघ याच्या गळ्यात पडला. १९९२ चा कप त्याच संघाचा.

माझा जीव अडकतो तो मात्र डेट्रॉईटमध्ये. १९५५ नंतर इथे कप नव्हता. १९९३ मध्ये आल्यावर बोमनने शहराचा लाडका कप्तान स्टीव्ह आयझरमनला धडाधड गोल करणं कमी करून मागे येऊन बचाव करायला लावलं. एका हंगामात १५५ गुण (स्वतःचे गोल अधिक गोलला दिलेले पास) मिळवलेल्या माणसाला हे सांगायला छाती लागते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये पाच रशियन खेळाडू एकत्र बर्फावर उतरवले. ते पक मारून पाठवण्याऐवजी आपल्याकडेच ठेवून फिरवायचे.

१९९७ च्या अंतिम फेरीत फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस समोर होता, धिप्पाड आणि धडका देणारा. त्याच्यासमोर तसाच धडका देणारा व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्ह येणार अशी सगळ्यांची खात्री. बोमनने पाठवले निकलस लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी. दोघंही धक्काबुक्कीतले नव्हते, पण पक मिळाला की शांतपणे पासवर पास देऊन बाहेर काढायचे. धडक मारायला पोचेपर्यंत लिंड्रॉसच्या पुढ्यात काही उरायचंच नाही. डेट्रॉईटने ४-० ने कप घेतला. त्या मालिकेची जुनी चित्रफीत मिळाली तर जरूर बघा.

खेळाडूंना तो फारसा प्रिय नव्हता. उद्या आपण खेळणार की नाही हे कळत नसे, आणि ही अनिश्चितता तो मुद्दाम ठेवायचा असं म्हणतात. असा साहेब मला स्वतःला नको. पण १९९८ चा कप आला, २००२ चाही आला, आणि त्याच रात्री अडुसष्टाव्या वर्षी पायात स्केट्स चढवून, कप घेऊन बर्फावर एक फेरी मारत त्याने निवृत्ती जाहीर केली. कोच म्हणून नऊ कप, साखळीत १२४४ विजय.

कोच नसताना, पिट्सबर्ग, डेट्रॉईट आणि शिकागोत इतर पदांवर असतानाचे, आणखी पाच कप त्याच्या नावावर लागतात आणि एकूण आकडा चौदावर जातो. ते धरायचे की नाही यावर ऑफिसात अजून वाद होतो. मी नऊच धरतो.