अक्षरचित्रात आकाराची कड कोण धरतं?

शब्द भरून पान, मासा किंवा चेहरा साकारायचा असेल, तर पेन्सिलीची बाह्यरेषा शेवटी खोडायचीच. ती ठेवावी लागली, तर कड अक्षरांनी धरलेली नाही. देवनागरीत कुठली अक्षरं कड धरतात हे कळलं, की निम्मं काम झालं.

प, म, स, ग, न, त यांचा दंड, म्हणजे उभी रेघ, उजवीकडे असतो, म्हणून उजवी कड आपसूक स्वच्छ उतरते. डावी मात्र फाटते, कारण तिथे अक्षरांचे गोल आणि गाठी येतात. त्यावर मला सर्वात आवडणारा उपाय म्हणजे ओळ पहिल्या वेलांटीने सुरू करणं: ‘किरण’, ‘दिवस’, ‘निळा’. तिचा दंड अक्षराच्या डावीकडे उभा राहतो. वरची कड शिरोरेषा सांभाळते, टोकाला रफार किंवा वेलांटी चालते. खालच्या गोलाईला ट, ठ, ढ.

ओळी आखताना शिरोरेषेपासून तळापर्यंत १२ मिमी धरा. मात्रांसाठी वर ६ आणि उकारांसाठी खाली ६ मिमी सोडले, तर ओळींमध्ये पांढरे पट्टे पडून आकार तुटतो. त्यापेक्षा दोन शिरोरेषांत १८ मिमी ठेवा. आता वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकाच ६ मिमीत येतात, म्हणजे टक्कर होणार. खालची ओळ ट्रेसिंग पेपरवर लिहून डावी-उजवीकडे सरकवत बघा. उकाराखाली मात्रा नसलेलं अक्षर आलं की जागा पक्की करा. जमतच नसेल तर शब्द बदला, अक्षर चेपू नका.

या उंचीला २ मिमीची कट निब, म्हणजे चपट्या टोकाची निब, पुरते. ती शिरोरेषेशी ४५ अंशांत धरली, तर आडवी आणि उभी रेघ सारखीच, साधारण १.४ मिमी जाड येते. ओळ वळली की कागद फिरवा, हात नाही. हात वळला की हा कोन बिघडतो आणि एकाच शब्दात जाडी बदलते.

जागा उरली तर दंड, शिरोरेषा, वेलांटी यांनाच ताणा. गोल ताणला की अक्षर ढिलं पडतं. शिरोरेषा काढून टाकायचा मोह फार होतो, पण मग म-भ आणि घ-ध यांच्यातला फरक पुसट होतो. ख सैल सुटला तर ‘रव’ वाचलं जातं.

संगणकावर करताना अक्षरांतलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषेला भेगा पडतात.

शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिल खोडा, नाहीतर काळं फासलं जातं. मग कागद उलटा टांगून ३ मीटरवरून बघा. उलट्या कागदावर डोळा शब्द वाचत नाही, फक्त आकार पाहतो. कड जिथे विरते तिथलं अक्षर थोडं जाड करा. बहुतेक वेळा तिथे र, द किंवा ह असतो, ज्यांना उभा दंडच नाही.