सगळे पीस ओके, तरी सीपीके कमी कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि ट्रेनिंगला येणारा जवळपास प्रत्येक सुपरवायझर हेच विचारतो, "सर, पन्नासच्या पन्नास पीस ड्रॉइंगमध्ये बसले, एकही रिजेक्ट नाही, मग कस्टमर सीपीके ०.९२ म्हणून लॉट का अडवतो, १.३३ कुठून आणायचा?" सीपीके म्हणजे माल लिमिटच्या किती आत राहतो ते सांगणारा आकडा, आणि कस्टमरला तो किमान १.३३ हवा असतो.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये अगदी हेच झालं होतं. शाफ्टची ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, २५.०० प्लस मायनस ०.०२ मिमी, सरासरी आली २५.००९, सिग्मा, म्हणजे साईज सरासरीभोवती किती पसरतो त्याचं माप, ४ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी). पूर्ण टॉलरन्स ४० मायक्रॉन, सहा सिग्मा २४, ४० ला २४ ने भागलं की सीपी १.६७, तो फक्त पसारा टॉलरन्समध्ये किती आरामात मावतो ते सांगतो, मशीन झकास आहे. पण सीपीके जवळच्या लिमिटपासून मोजतात, आणि वरची लिमिट सरासरीपासून फक्त ११ मायक्रॉनवर, त्याला तीन सिग्माने म्हणजे १२ ने भागलं की झाले ०.९२. नॉर्मल कर्व्ह, म्हणजे घंटेच्या आकाराचा पसारा, धरला तर हजारात साधारण ३ पीस वरून बाहेर जाणार, आणि असे पन्नास-पन्नास पीस सात वेळा तपासलेत तरी त्यातल्या सहा वेळा तुम्हाला एकही सापडणार नाही. तुमचे पन्नास ओके खरेच आहेत हो, पण कस्टमर पुढच्या दहा हजारांबद्दल विचारतोय.

मग सरासरी वर का, तर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, साईज जास्त राहिला तर परत एक कट मारता येतो, कमी झाला की भंगार." मला हे फार पटलं, तो माल वाचवत होता, त्याला कामचुकार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. फक्त इन्सर्ट, म्हणजे टूलवरची कापणारी टिकली, झिजला की ओडी वाढत जाते, म्हणजे आधीच वर ठेवलेला साईज अजून वर सरकणार. मशीनमधला ऑफसेट, म्हणजे टूलची साईज सेटिंग, ९ मायक्रॉन कमी केला, खर्च शून्य, आणि सिग्मा तोच राहिला तर सीपीके सरळ १.६७.

हां, पण ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून लहान फरक न दाखवणाऱ्या) मायक्रोमीटरने हे करू नका, ४० मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये चार-पाचच आकडे दिसतात आणि त्यातून काढलेल्या सिग्माला अर्थ नाही, १ मायक्रॉनवाला घ्या. आणि सीपीकेच्या आधी तुमची रीडिंग्ज पीस निघाले त्याच क्रमाने ग्राफवर टाका, इन्सर्ट कधी बदलला तिथे खूण करा, साईज चढत गेलेला दिसला तर आधी इन्सर्ट किती पीसनंतर बदलायचा ते ठरवा, सीपीके त्यानंतर काढू.