२०० किलोमीटर आणि चतकोर गूळपोळी

जानेवारीतल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, नाव नोंदवलं तेव्हा पायांची काळजी नव्हती, पोटाची होती. पुण्यातून निघायचं, साताऱ्याच्या अलीकडून वळायचं आणि साडेतेरा तासांच्या आत परत यायचं. ही शर्यत नव्हे, पण ढाब्यावर निवांत जेवत बसलं की वेळमर्यादा अंगावर येते. म्हणून खाणं सायकलवरच उरकायचं ठरवलं.

शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला कर्बोदकांचा साठा, साधारण ४००-५०० ग्रॅम. दमदार वेगाने ते दोन-तीन तासांत तळाला जातं. पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मी ४५ धरली. दहा तासांचे झाले ४५० ग्रॅम. एनर्जी जेलच्या एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे वीसेक पाकिटं. खिशाला आणि जिभेला, दोघांनाही ते परवडेना.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. संक्रांत तोंडावर असल्याने गूळपोळ्या होणारच होत्या. एका लहान पोळीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं, चतकोरात दहा. दोन बिनबियांचे खजूरही तेवढेच. "गूळपोळी कुणी तोलून खातं का रे?" आई म्हणाली, पण पोळ्या लहान लाटून दिल्या.

पाण्याचा अंदाज रविवारच्या राईडला घेतला. दुपारी दोन तास चालवली, लिटरभर प्यायलो. घाम पुसून वजन केलं तर ४०० ग्रॅम उतरलेलं. म्हणजे तासाला सुमारे ७०० मिली घाम. तेवढं सगळं भरून काढायची गरज नसते, पण वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट नको. तासाला ६०० मिली ठरवलं. नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

एका बाटलीत साधं पाणी. दुसऱ्या ७५० मिलीच्या बाटलीत लिंबू, ४० ग्रॅम साखर आणि ग्रॅमभर मीठ. ही दोन तास पुरवायची. साखर-मिठाच्या पुड्या आधीच बांधून ठेवल्या. बरेच जण ओआरएसवर विसंबतात. पण लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे, पेडल मारण्यासाठी नाही.

पहाटे चारला दोन केळी आणि साखर-पोळी खाल्ली. शेंगदाण्यांची खिचडी मुद्दाम टाळली, तेलकट पोटात बसून राहतं. सहाला सुरुवात. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर: चतकोर पोळी किंवा दोन खजूर, भूक असो-नसो. खंबाटकी चढताना दम खायचा की पोळी, असा प्रश्न येतो. म्हणून शिरवळ सोडल्यावरच खाऊन घेतलं आणि घाटात फक्त घोट घेतले. परतीला बोगदा असल्याने तो प्रश्न नव्हता.

कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, ब्रेवे कार्डावर (राईडच्या नोंदपत्रावर) शिक्का घेऊन बाटल्या भरल्या, पुड्या ओतल्या. शेजारी मिसळीचा घमघमाट होता. ती माझ्या वहीत नव्हती. एक कंदी पेढा मात्र खाल्ला; साताऱ्याच्या एवढ्या जवळ जाऊन न खाणं अशक्य.

दुपारनंतर गोडाचा उबग येणार हे सरावात कळलं होतंच. त्यासाठी मीठ लावलेले उकडलेले बटाटे फॉईलमध्ये होते. उन्हात त्यांनी जो आधार दिला तो कुठल्याच गोडाने दिला नाही. पुण्यात शिरताना पाय दुखत होते, पण चक्कर नाही, गोळे नाहीत.

आता ३०० ची तयारी आहे. तिथे वीस तास आणि मधे रात्र. बटाटे दुप्पट नेणार, आणि एका ढाब्यावर थांबून दहीभात खायला वीस मिनिटं राखून ठेवली आहेत.