गुडघ्याच्या कूर्चेपर्यंत औषध न्यायचं कसं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटलेली विशीतली मुलं माझ्याकडे येतात. ऑपरेशन नीट होतं, व्यायामाने मांडीत ताकद येते, मुलं पुन्हा मैदानात उतरतात. तरीही यातल्या बऱ्याच जणांचा गुडघा पुढच्या दहा-वीस वर्षांत झिजणार, हे मला दिसत असतं. दुखापतीपासूनच आत दाह सुरू होतो आणि तो कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, पोखरत राहतो. तेव्हाच तो थांबवता आला, तर किती त्रास टळेल!

दाह शमवणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आपल्याकडे आहेच. प्रश्न ते पोहोचवण्याचा आहे. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यात थेट इंजेक्शन दिलं, तरी सुटं औषध काही तासांत, फार तर काही दिवसांत बाहेर वाहून जातं. मग पुन्हा टोचा, हा काही उपाय नव्हे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइड दिलं गेलं. साध्या सलाइनच्या तुलनेत दुखणं काही जास्त कमी झालं नाही, उलट कूर्चा जास्त झिजली.

कूर्चा हाताळली की तिचा चिवटपणा कळतो: पांढुरकी, चकचकीत, दाबली तरी जागा न सोडणारी. कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळीत अ‍ॅग्रिकॅन नावाचे मोठे रेणू दाटीने बसलेले असतात आणि त्यांच्यावरच्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. हे भार एकमेकांना दूर ढकलतात, पाणी धरून ठेवतात, म्हणूनच कूर्चा आपलं वजन पेलते. बऱ्याचशा औषधांना मात्र हीच घट्ट वीण आत शिरू देत नाही.

संशोधक अंबिका बाजपेयी आणि अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले अ‍ॅलन ग्रॉडझिन्स्की यांनी या ऋण भारालाच हाताशी धरलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन धनभारित असतं आणि जाळीतून जाण्याइतकं लहानही. 2014 मध्ये त्यांनी दाखवलं, की ते कूर्चेत पूर्ण जाडीभर मुरतं आणि तिथेच राहतं. साधारण त्याच आकाराचं, पण भार नसलेलं न्यूट्राव्हिडिन मात्र तसं टिकत नाही. म्हणजे किमया भाराची आहे. त्या अ‍ॅव्हिडिनला डेक्सामेथासोन जोडलं, की औषध आत जाऊन हळूहळू सुटं होतं.

भार जितका जास्त तितकं चांगलं, असंही नाही, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. बाजपेयींच्या गटाने पुढे +8 पासून +20 पर्यंत भार असलेले छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) तपासले. त्यात +14 चा सगळ्यात जास्त मुरला. फार जोरात ओढला गेलेला रेणू वरच्या थरातच अडकून बसतो. पकड सैल हवी: धरायचं, सोडायचं, पुढच्या साखळीला धरायचं, असं करत खोलवर जायचं.

आजार वाढला की अ‍ॅग्रिकॅन गळून जातं, ऋण भार घटतो आणि ओढही मंदावते. म्हणून मला ही वाट दुखापतीनंतरच्या पहिल्या काळासाठी सर्वांत आशेची वाटते. अर्थात प्रयोगातल्या उंदराची कूर्चा अगदी पातळ, माणसाच्या गुडघ्यातली काही मिलिमीटर जाड. जाडी दुप्पट झाली की मुरायला चौपट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात सांधा औषध बाहेर काढतच असतो. माणसासाठीच्या वाहकाला या शर्यतीत आधी आत पोहोचावं लागेल.